गाठ नसलेली टोपी

सोपं म्हणे! ज्या कुणी त्या कागदावर 'हिवाळ्यातले सोपे हस्तोद्योग, साठीपुढच्यांसाठी' असं ठळक अक्षरांत छापलं होतं, त्याला एकदा तरी त्या हॉलमध्ये आणून बसवायला हवं होतं. समोर चौदा म्हातारी माणसं. त्यातल्या सहांना नीट दिसत नाही, चौघांना ऐकू येत नाही, दोघांचं आपसात पटत नाही आणि उरलेल्या दोघांना आपण इथे कशाला आलोय तेच आठवत नाही. मग म्हणावं, हं, शिकवा आता सोपं.

लोकरताई गेली नऊ वर्षं हे सोपं काम करत होती. तिचं खरं नाव त्या वृद्धांच्या घरात दोघातिघांनाच ठाऊक असेल. दोन्ही खांद्यांना लोकरीच्या पिशव्या लटकवून ती मंगळवारी आणि गुरुवारी दोन बस बदलून यायची, म्हणून लोकरताई. वय छप्पन्न. वर्गातले निम्मेअधिक तिला 'पोरी' म्हणायचे, आणि हॉल दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे या पोरीचे गुडघे दर वेळी जिन्यातच रडायला लागायचे. लिफ्ट होती, पण ती चाकाच्या खुर्च्यांसाठी. "तुम्हाला काय धाड भरलीय चढायला?" असं व्यवस्थापक बाई हसून म्हणायच्या. त्या स्वतः तळमजल्यावर बसायच्या.

हिवाळ्याचा क्रम ठरलेला. आधी वाळक्या पानांची कार्डं, मग जुन्या मोज्यांत तांदूळ भरून हात शेकायच्या पुरचुंड्या, मग लोकरीचे गोंडे, आणि शेवटचे सहा आठवडे टोपी. टोपीसाठी एक गोल चकती असते, तिच्या कडेला खुंट्या. प्रत्येक खुंटीला लोकरीचा वेढा द्यायचा, वर दुसरा वेढा द्यायचा, आणि आकड्याने खालचा वेढा वरच्यावरून उचलून आत टाकायचा. अशा चाळीस फेऱ्या झाल्या की टोपी. सुया नाहीत, टाके मोजणं नाही, पोरखेळ नुसता. फक्त एक खुंटी चुकली की तिथे भोक पडतं, आणि ते आपोआप बुजत नाही, खालपर्यंत उसवत जातं.

"घड्याळजी, तिसरी खुंटी सुटली तुमची," मास्तरीणबाई खिडकीतल्या खुर्चीतून ओरडल्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं. स्वतःची टोपी चार फेऱ्यांच्या पुढे सरकत नव्हती, पण दुसऱ्याची चूक त्यांना भिंतीपलीकडूनही दिसायची.

"दिसली मला."

"दिसली तर घ्या की मग."

"चकतीच वाकडी आहे ही."

"वाटलंच! नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे हसले. घड्याळजीही हसले. एकोणऐंशी वर्षांचा हा माणूस पंचेचाळीस वर्षं एका चिंचोळ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं दुरुस्त करत होता. तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलायचे आणि जागच्या जागी बसवायचे. तीन हिवाळ्यांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, आणि आता चमचासुद्धा डाव्या हाताने धरावा लागत होता. पण टोपीवर मात्र ते सहा आठवडे मान खाली घालून बसले होते. एक वेढा उचलायला त्यांना दोन मिनिटं लागायची. आकडा खुंटीपाशी जायचा, थरथरायचा, निसटायचा, पुन्हा जायचा. लोकरताईला ते बघवत नसे. तिचे हात शिवशिवायचे.

टोप्यांचा शेवट व्हायचा तो भेटीच्या रविवारी. हिवाळ्याच्या अखेरच्या रविवारी मुलं, मुली, सुना, नातवंडं यायची आणि आपापल्या माणसाने केलेली टोपी घेऊन जायची. आणि इथेच लोकरताईचं खरं काम होतं, जे कुठल्याच कागदावर छापलेलं नव्हतं. आदल्या गुरुवारी ती सगळ्या टोप्या 'इस्त्री करायला आणि गोंडे लावायला' म्हणून घरी न्यायची. तिथे बसून उसवायची आणि पुन्हा करायची. काहींच्या दोन ओळी, काहींची निम्मी, काहींची अख्खी. पहिल्याच वर्षी व्यवस्थापक बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "लोक आपली माणसं आपल्या भरवशावर ठेवतात. त्यांच्या हातात भोकं पडलेली टोपी दिली तर काय वाटेल त्यांना? झाकली मूठ सव्वा लाखाची." लोकरताईलाही ते पटलं होतं. रविवारी सुना टोप्या उलटसुलट करून म्हणायच्या, "अय्या, हे आईंनी केलं?" आणि लोकरताई म्हणायची, "त्यांनीच केलं हो, स्वतः." हे वाक्य ती इतक्यांदा बोलली होती, की बोलताना पिशव्याही आवरता यायच्या.

आता तिच्या आईचं. लोकरताईची आई शहाऐंशी वर्षांची, बसने नऊ तासांवरच्या गावात, अशाच एका वृद्धांच्या घरात होती. तिला तिचं गाव सोडायचं नव्हतं. "तुझ्याकडे येऊन भिंतींशी बोलू का?" असं म्हणून तिनेच ते घर पसंत केलं होतं. फोनवर तिला आता काही ऐकू येत नसे. लोकरताई काहीही म्हणाली की आई पलीकडून "जेवलीस का?" एवढं विचारायची आणि फोन सेविकेच्या हातात द्यायची. सेविका म्हणायची, "बऱ्या आहेत." झालं बोलणं. त्यामुळे दर हिवाळ्यात तिकडून पार्सलने येणारी आईच्या हातची टोपी, हेच लोकरताईच्या दृष्टीने आईचं पत्र होतं. टोपी आली, टाके सरळ आले, म्हणजे आईचं सगळं ठीक आहे. तिला जाऊन भेटायला दोन वर्षं होत आली होती. यंदा मात्र तिने मनाशी पक्कं केलं होतं, भेटीचा रविवार उरकला की सोमवारी गाडीत बसायचं.

आईच्या टोप्यांची एक गंमत होती. आई लोकरीचं शेवटचं टोक कधी लपवायची नाही. आतल्या बाजूला दुहेरी गाठ मारायची आणि उरलेला धागा दातांनी तोडायची. ती गाठ नेमकी कानामागे यायची आणि टोचायची. लहानपणी लोकरताईने त्यावरून किती आदळआपट केली होती! पुढे ती हस्तकलेच्या बाईंसाठीचं प्रशिक्षण घेऊन आली, तिथे टोक लपवायची पद्धत शिकवली होती: सुईने तीन टाके पुढे न्यायचं, वळवायचं, तीन टाके मागे आणायचं. दिसत नाही, टोचत नाही. आईला तिने किती वेळा दाखवलं. आई म्हणायची, "लपवलेलं सुटतं. गाठ सुटत नाही." पालथ्या घड्यावर पाणी. पण गेल्या वर्षीच्या टोपीला गाठ नव्हती! टोक व्यवस्थित आत गेलेलं. लोकरताई तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती, "बघा, पंच्याऐंशीव्या वर्षी का होईना, लेकीचं ऐकलं आईने."

तर गुरुवारी लोकरताई हॉलमध्ये टोप्या गोळा करत होती. घड्याळजींनी आपली टोपी मांडीवरून उचलली नाही.

"ही राहू द्या."

"अहो, नुसती इस्त्री करून आणते. गोंडा लावते वर."

घड्याळजींनी आजूबाजूला बघितलं. मास्तरीणबाईंची मान कलली होती, त्यांना डुलकी लागली होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, "लोकरताई, गिऱ्हाईक घड्याळ घेऊन यायचं आणि म्हणायचं, याला कुणी हात लावलेला नाही हो. मी झाकण काढायच्या आधी सांगायचो, माझ्याआधी कुणीतरी उघडलंय. स्क्रूच्या खाचेवर ओरखडा असतो. दुसऱ्याचा हात लपत नाही."

लोकरताईच्या कानशिलांवर ऊन लागल्यासारखं झालं.

"गेल्या वर्षी माझी टोपी तुम्ही उघडली होती."

"थोडंसं इकडेतिकडे नीट केलं होतं फक्त."

"अख्खी उघडली होती. सत्तावीस भोकं पाडली होती मी तिला, मोजून. एक शिल्लक नव्हतं."

"लोकांना बरं दिसावं म्हणून करते हो मी. मला का हौस आहे?"

"दिसलं ना बरं. लेकीला फार बरं दिसलं. टोपी घालून म्हणाली, बाबा, तुमचा हात तर एकदम सुधारला! आणि वर्षभर आली नाही." घड्याळजी रागावले नव्हते, नुसतेच दमल्यासारखे बोलत होते. "का येईल ती? नोकरी आहे, दोन मुलं आहेत, सासू अंथरुणावर आहे. बऱ्या माणसाला बघायला वेळ कुणाला असतो? मी फोनवर सांगतो, अगं, हात चालत नाही. ती म्हणते, काहीतरीच काय बाबा, टोपी आहे ना माझ्या घरात."

लोकरताई पिशवीतल्या टोप्या उगाचच सारख्या करू लागली.

"गोंडा हवा तर लावा," टोपी पुढे करत ते म्हणाले. "भोकांना हात लावू नका. हा हात तिला एकदा बघू द्या. पुढच्या हिवाळ्यात तो एवढंही करेल की नाही, सांगता येत नाही."

"बरं," ती म्हणाली. टोपी घेतली आणि पिशवीत सगळ्यांत वर ठेवली.

खाली दाराशी व्यवस्थापक बाईंनी गाठलंच. "घड्याळजींच्या टोपीकडे जरा नीट लक्ष द्या हं. त्यांची मुलगी मोठ्या हुद्द्यावर आहे, चार लोकांत बोलते." लोकरताईने मान हलवली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मान हलवूनच उत्तर द्यायचं असतं, हे ती नऊ वर्षांत शिकली होती.

शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने चौदा टोप्या मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत थोडा वेळ नुसतीच बसली. मग एक ओढली. उसव, गुंडाळ, वेढे दे, उचल. पाठ धरली. चष्म्याची काच पुसली. निम्म्या झाल्या तेव्हा दार वाजलं आणि पार्सल आलं. पाठवणारी म्हणून तिकडच्या हस्तकलेच्या बाईचा फोन नंबर होता, दर वर्षीसारखाच. आत मोरपंखी रंगाची टोपी. लोकरताईने ती उघडली, कडा ताणून बघितली, डोक्यावर चढवली आणि नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बघा. शहाऐंशी वर्षांच्या बाईचा हात आहे का हा? एक टाका हललेला नाही!"

"छान आहे," नवरा म्हणाला. "मग सोमवारचं तिकीट काढू ना?"

ती खुर्चीत बसली. टोपी काढली नाही. नऊ तास जायचं, नऊ तास यायचं, खड्ड्यांतून. मंगळवारचा वर्ग बुडवायचा तर व्यवस्थापक बाईंचं तोंड बघायचं. अंगात कणभर त्राण नव्हतं. "उन्हाळ्यात जाऊ या निवांत," ती म्हणाली. "आई ठणठणीत आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"टोपी आली म्हणजे आई आली का गं?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला! नऊ तास तुमच्या गुडघ्यांनी जायचंय का?"

नवऱ्याने पुन्हा वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. लग्नाला तीस वर्षं झाली की माणसाला कुठे थांबायचं ते कळतं. लोकरताईने उरलेल्या टोप्या ओढल्या. संध्याकाळपर्यंत तेरा झाल्या. चौदावी घड्याळजींची.

तिने ती हातात धरून खिडकीच्या उजेडात बघितली. चाळणी होती नुसती. गेल्या वर्षी सत्तावीस भोकं होती म्हणे, यंदा मोजायला गेलं तर निम्मा दिवस जाईल. शब्द दिला होता खरा, पण रविवारी व्यवस्थापक बाई बघणार, ती हुद्द्यावरची लेक बघणार, आणि नाव कुणाचं निघणार? शिकवणाऱ्या बाईचं. तिने कात्री उचलली, टोकाशी नेली आणि खाली ठेवली. आता यात काही मोठं तत्त्व होतं असं कुणी समजू नये. जीव थकला होता, बोटं आखडली होती, आणि दुसऱ्या दिवशी बघू म्हणून तिने ती टोपी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी घरचं धुणंभांडं निघालं, आणि टोपी तशीच राहिली. गोंडा तेवढा लावला.

रविवारी हॉलमध्ये ही गर्दी. कागदी कपांतला चहा, मुलांची धावपळ, मास्तरीणबाईंच्या नातवाला त्यांनी आल्या आल्या पाढा म्हणायला लावलेला. लोकरताई कोपऱ्यात नवी मोरपंखी टोपी घालून उभी होती, कारण हॉलची एक खिडकी बंद होत नव्हती आणि त्या बाजूला उभं राहायचं काम साहजिकच तिच्याकडे आलं होतं. सूनबाया टोप्या उलटसुलट करत होत्या. "त्यांनीच केली हो, स्वतः," लोकरताई म्हणत होती.

घड्याळजींची लेक सगळ्यांत शेवटी आली, धावतपळत, एका हातात फोन आणि खांद्यावर लॅपटॉपची बॅग. "बाबा, पाच मिनिटंच आहेत हं, सासूबाईंजवळ कुणी नाही." घड्याळजींनी डाव्या हाताने टोपी पुढे केली. तिने ती हसत घेतली, उघडली, आणि तिचं बोट आरपार गेलं.

"हे काय, बाबा?"

"मी केली."

"पण मागच्या वर्षी तर..." तिने मान वर करून लोकरताईकडे बघितलं. व्यवस्थापक बाईंनीही बघितलं, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. यंदा लोकरच खराब आली हो, हे वाक्य लोकरताईच्या जिभेवर अगदी तयार होतं. पण घड्याळजी तिच्याकडे बघत होते.

"मागच्या वर्षीची मी केली होती," ती म्हणाली. "त्यांची उसवून."

लेकीने फोन बॅगेत टाकला. गुडघ्यांवर बसून तिने बापाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो तिच्या हातांतही थरथरतच राहिला. तिने तो घट्ट धरला तरी थांबेना. "कधीपासून एवढा?" तिने विचारलं. घड्याळजी म्हणाले, "सांगत होतो की गं." ती हमसून हमसून रडायला लागली, आणि तिची पाच मिनिटं कधी संपली ते तिला कळलंही नाही.

बऱ्याच वेळाने ती बाहेर व्हरांड्यात लोकरताईपाशी आली. डोळे सुजले होते, आणि आता तिला राग आला होता. "तुम्हाला कल्पना आहे का? त्या टोपीच्या भरवशावर वर्ष काढलं मी. सासूबाईंना पुढे केलं, मुलांना पुढे केलं, ऑफिसला पुढे केलं. का, तर बाबा बरे आहेत! ते सांगत होते, तर मी त्यांनाच खोटं पाडलं. तुमचं कुणी असं लांब असतं आणि तुम्हाला कुणी असं फसवलं असतं, तर?"

"माझी आई आहे अशीच एका घरात," लोकरताई म्हणाली. "पण तिची टोपी..."

ती बोलता बोलता थांबली. हात डोक्याकडे गेला, कानामागे गेला. तिथे काही टोचत नव्हतं.

तिने टोपी काढून उलटी केली. धाग्याचं टोक शोधायला तिला क्षणसुद्धा लागला नाही, कारण ते कुठे असणार हे तिच्या बोटांना पाठ होतं. तीन टाके पुढे, वळवून तीन टाके मागे. आई हे शिकली नव्हती. आई हे कधीच शिकली नसती, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या आयांच्या टोप्या उसवणाऱ्या बाईला एकदाही वाटलं नव्हतं की आपल्या आईचीही कुणी उसवत असेल. लेक अजून काहीतरी बोलत होती, पण लोकरताईला ते ऐकू येत नव्हतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली.

पार्सलवरचा नंबर तिच्या फोनमध्ये होताच, तो तिने तिथूनच लावला. पलीकडे एका बाईचा दमलेला आवाज आला, मागे भांड्यांचा आवाज.

"आईची मोरपंखी टोपी मिळाली," लोकरताई म्हणाली. "फार सुंदर झालीय."

"हो का? त्यांनीच केली हो, स्वतः," पलीकडची बाई म्हणाली. अगदी तोच सूर. बोलता बोलता ती काहीतरी आवरत असणार.

"बाई, मीपण हेच काम करते."

पलीकडे भांडी वाजायची थांबली.

"खरं सांगा. किती केली तिने?"

"गेल्या वर्षी निम्मी केली होती," ती बाई म्हणाली. "यंदा चकती मांडीवर घेऊन बसायच्या नुसत्या. लोकर हातात धरायच्या. कधी कधी विचारायच्या, ही कुणासाठी करायची. मी सांगायचे तुमच्या मुलीसाठी, तर हसायच्या." मग ती घाईघाईने म्हणाली, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं हो मी. दुसरं काही नाही."

"वाटलं ना," लोकरताई म्हणाली. "खूप बरं वाटलं मला."

तिला त्या बाईवर ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड कुठे होतं? खाई त्याला खवखवे. तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला लावला. "सोमवारचं तिकीट मिळतं का बघा," एवढंच म्हणाली. तो बिचारा काही विचारत बसला नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीने निघून ती दुपार कलायला लागली तेव्हा पोचली. आईची खोली लांबट होती, दोन पलंग, मधे एक कपाट, खिडकीखाली गरम हवेचं यंत्र घरघरत होतं. आई खुर्चीत बसली होती. केवढीशी झाली होती! तिच्या मांडीवर रिकामी चकती होती आणि शेजारी मोरपंखी लोकरीचा उरलेला गुंडा.

"या बाई, बसा," आई म्हणाली. "जेवलात का?"

लोकरताई पलंगाच्या कडेवर बसली. जन्मात पहिल्यांदा आई तिला अहोजाहो करत होती. नऊ तास गाडीत तिने काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीही आता उपयोगाचं नव्हतं. उन्हाळ्यात निवांत जाऊ म्हणाली होती ती. तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

तिने टोपी काढून आईच्या हातात दिली. आईने ती बाहेरून बघितलीच नाही. सरळ उलटी केली आणि अंगठ्याने कडेकडेने चाचपत राहिली.

"यात गाठ नाही," आई मोठ्याने म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

लोकरताईने मान हलवली.

"सुटेल ही. कुणी केली?"

तूच केलीस, हे वाक्य सोपं होतं. नऊ वर्षांचा सराव होता. लोकरताई आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "दुसऱ्या बाईने केली. तू नाही केलीस."

"तरीच," आई म्हणाली. "मी माझ्या मुलीच्या टोपीला गाठ मारते. तिला टोचते ती. ओरडते माझ्यावर. पण सुटत नाही."

"मग मारून दे गाठ," लोकरताई कानात म्हणाली. तिने नखाने लपवलेलं टोक ओढून बाहेर काढलं आणि आईच्या बोटांत दिलं.

आईला खूप वेळ लागला. टोक निसटायचं, बोटं दुसऱ्याच जागी जायची, मधेच आई थांबून खिडकीकडे बघायची आणि हातात काय आहे ते विसरायची, मग पुन्हा टोपीकडे वळायची. लोकरताईचे हात शिवशिवत होते. तिने ते मांड्यांखाली दाबून धरले आणि बसून राहिली. कुणीतरी चहा आणून ठेवला, तो गार झाला. शेवटी हरभऱ्याएवढी, वेडीवाकडी एक गाठ बसली. आईने उरलेला धागा तोंडाशी नेला. दात दोनच उरले होते. धागा अर्धा तुटला, अर्धा लोंबत राहिला.

मग आईने तिला जवळ बोलावलं, टोपी तिच्या डोक्यावर चढवली आणि दोन्ही हातांनी कानांवरून खाली ओढली, अगदी शाळेत धाडायच्या पोरीला घालावी तशी.

"टोचते का?"

लोकरताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "टोचते," ती म्हणाली.

"मग बरोबर बसली," आई म्हणाली.